तळं नसलेला तळ्यातला गणपती आणि शाळा झालेला वाडा : नवख्यांसाठी अर्ध्या दिवसाची पुण्यातली पायपीट

पुण्यात नवीन आलेला माणूस 'तळ्यातला गणपती' विचारत सारसबागेत पोचतो आणि मग चारी दिशांना बघत राहतो. गणपती आहे, मंदिर आहे, हिरवळ आहे. तळं कुठंय? माझी अकोल्याची आत्या तर दर्शन झाल्यावर पायरीवर बसून म्हणाली, "अगं, गणपती दाखवलास, आता तळं दाखव." तेव्हा मला ते दाखवता आलं नव्हतं. आता येतं. ते कसं बघायचं, आणि तिथून चालत विश्रामबागवाड्यात जाऊन एके काळी भरलेली शाळा कशी शोधायची, हे या लेखात सांगते. दोन्ही ठिकाणं एकाच सकाळी आणि याच क्रमाने बघितली तर एक गोष्ट हाती लागते. पर्वतीच्या पायथ्याशी वाटला जाणारा पैसा शहरात येऊन शाळेला कसा लागला, ती ही गोष्ट.

आधी बेत आखा

बाग आधी, वाडा नंतर. हे उलटं करू नका. बाग सकाळी सहाला जागी होते, वाड्यातलं प्रदर्शन मात्र सरकारी कचेरीच्या वेळेने उघडतं. मी एकदा भाच्याला घेऊन सकाळी आठ वाजता वाड्यावर धडकले होते. दोन तास समोरच्या फुटपाथवर उभं राहून आम्ही फक्त दार बघितलं. दार सुंदर आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला दोन तास पुरेल इतकं नाही.

दुसरं कारण रस्त्याचं. बाजीराव रस्ता एकेरी आहे. वाहनं सारसबागेकडून शनिवारवाड्याकडे जातात, उलटी येत नाहीत. म्हणजे बागेतून वाड्याकडे जाताना पाय थकले तर पाठीमागून येणारी बस किंवा रिक्षा धरता येते. वाड्याकडून बागेकडे याल तर शिवाजी रस्त्याचा वळसा पडतो.

पोचायला मेट्रो सगळ्यात सोपी. पिंपरी-चिंचवडहून येणारी मार्गिका सप्टेंबर २०२४ पासून थेट स्वारगेटपर्यंत धावते. रेल्वे स्टेशनवर किंवा कोथरूडच्या बाजूला असाल तर दुसऱ्या मार्गिकेने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत या आणि तिथे गाडी बदला. लोक अजून त्याला सिव्हिल कोर्टच म्हणतात, त्यामुळे विचारताना तेच विचारा. एसटीने येणारे तर स्वारगेटलाच उतरतात. स्वारगेटहून नेहरू स्टेडियम आणि सणस मैदानाच्या अंगाने चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत बाग. रिक्षा केलीत तर मीटरनेच या. एवढ्याशा अंतराला कुणी ठोक भाडं सांगू लागला तर सरळ चालायला लागा.

गाडी आणूच नका, असं मी सांगेन. दुचाकी बागेबाहेर लागते, पण मग वाडा बघून ती न्यायला परत यावं लागतं. चारचाकी पेठांत आणणाऱ्याला मी सल्ला देत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करते.

दिवस कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरे. उन्हाळ्यात सातच्या आत बागेत या, म्हणजे वाड्यापर्यंतचं चालणं त्यातल्या त्यात सुसह्य होतं. पावसाळ्यात हिरवळ देखणी असते, फरशा निसरड्या असतात. संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला दर्शनाची रांग फाटकाकडे सरकत येते, तेव्हा बाग बघायची असेल तर तो दिवस टाळा. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद होतात. त्या काळात हा बेत फक्त सकाळचा. दिवाळीत पहाटे बागेत अर्धं पुणं नटूनथटून लोटतं. ती एकदा बघण्यासारखी गोष्ट आहे, पण पहिल्या भेटीसाठी नाही.

बागेत शिरताना : पायाखाली बघा

फाटकातून आत आलात की लगेच मंदिराकडे धावू नका. थांबा. मागे वळून रस्ता बघा आणि मग पुढची हिरवळ बघा. हिरवळ रस्त्यापेक्षा खाली आहे आणि मंदिर हिरवळीपेक्षा वर. तुम्ही उतरता आणि मग पुन्हा चढता. हा जो मधला खोलगट भाग आहे ना, तेच तळं. तुम्ही तळ्याच्या तळावर उभे आहात आणि समोर जे उंचावर दिसतंय ते बेट.

अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं आणि पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून हे तळं करवून घेतलं. खोदताना मधोमध सुमारे २५,००० चौरस फुटांचं बेट ठेवलं. त्यावर बाग केली आणि तिला नाव मिळालं सारसबाग. म्हणजे आज आपण ज्या सगळ्या आवाराला सारसबाग म्हणतो त्यातलं खरं जुनं नाव फक्त त्या मधल्या उंचवट्याचं. बाकीचं पाणी होतं. काम रेंगाळतंय असं दिसल्यावर पेशवे हत्तीवरून उतरून स्वतः दगड उचलू लागले, अशी कथा सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण ठेकेदाराकडून काम करून घेण्याचा प्रश्न पुण्यात जुनाच आहे, एवढं त्यातून कळतं.

१७८४ मध्ये सवाई माधवरावांनी या बेटावर गणपतीची स्थापना केली. तेव्हा दर्शनाला होडीतून जावं लागे. होडीत बसून मसलती चालत आणि वल्हवणाऱ्यांना मराठी समजत नसे, म्हणून गुपितं तळ्यातच राहत, असंही म्हणतात.

तळं किती मोठं होतं याचा अंदाज हवा असेल तर टिळक रस्त्यावरचं हिराबाग हे नाव आठवा. हिराबागही पेशव्यांचीच आणि तीही याच तळ्याच्या काठावरची. आज बागेतून हिराबाग चौकात जायला गाड्यांनी भरलेले रस्ते ओलांडावे लागतात. तेव्हा इकडून तिकडे पाणीच होतं.

आणि ओढा? तो कुठे गेला नाही. त्याचा मूळ प्रवाह गावातून जायचा, पेशवाईतच तो पश्चिमेकडे वळवला. आता तो कात्रजहून येतो, दांडेकर पुलाखालून जातो आणि मुठेला मिळतो. एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मात्र एकाच पावसात तो असा फुगला की काठच्या वस्त्यांमधली माणसं गेली. तळं बुजलं म्हणजे पाणी संपलं असं नसतं, हे त्या रात्री सगळ्या शहराला कळलं.

मंदिर आणि गणपतींचं छोटं संग्रहालय

चढून वर गेलात की मंदिराभोवती थोडं पाणी आणि त्यात कमळं दिसतील. आत्याला मी आता हे दाखवते आणि सांगते, "हे बघ, शिल्लक राहिलेलं तळं." ती म्हणते, "एवढंसं?" पण मान डोलावते.

चपला खाली ठेवायच्या. मूर्ती लहानशी, पांढरी आहे. भव्य काही बघायला आलेल्यांची थोडी निराशा होते, पण हा पुणेकरांचा घरगुती गणपती आहे. त्याचा पुरावा थंडीत मिळतो. डिसेंबर-जानेवारीत आलात तर देवाच्या अंगात स्वेटर आणि डोक्याला कानटोपी दिसेल. याला हसू नका. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनीही तसाच जामानिमा केलेला असतो.

मंदिराच्या आवारातच १९९५ पासून गणपतींच्या मूर्तींचं एक छोटं संग्रहालय आहे. शेकडो मूर्ती आहेत, वेगवेगळ्या आकारांच्या आणि वेगवेगळ्या वस्तूंपासून केलेल्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मुलांना मात्र इथे खेळ लावून द्या : कुठला गणपती सगळ्यात विचित्र काम करतोय ते शोधा. अर्धा तास निघतो.

मंदिराची व्यवस्था पर्वतीच्या श्री देवदेवेश्वर संस्थानाकडे आहे आणि बागेची महापालिकेकडे. त्यामुळे आवार एकच वाटलं तरी नियम दोन घरचे असतात. पाट्या वाचा. पुण्यात पाटीवर लिहिलेलं लोक खरंच अमलात आणायला लावतात.

मुलं बरोबर असतील तर

शेजारीच पेशवे पार्क आहे. ते १९५३ पासूनचं. आमच्या पिढीने वाघ पहिल्यांदा तिथे बघितला. प्राणी नंतर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि पार्काचं ऊर्जा उद्यान झालं, पण १९५६ पासूनची फुलराणी तिथेच आहे. ही छोटी रेल्वे पुण्यातल्या आजी, आई आणि नात अशा तिघींच्या बालपणात सारख्याच गाण्यासारखी असते. ती कधी दुरुस्तीला असते, म्हणून मुलांना आधी वचन देऊन ठेवू नका. प्रवेश वेगळ्या बाजूने आणि तिकीट वेगळं. पेशवे पार्क बघायचं ठरवलंत तर तासभर जास्तीचा धरा. मग वाड्यात साडेअकराला पोचाल, तेही चालतं.

खाणं? बागेबाहेरची चौपाटी संध्याकाळची. भेळ, पावभाजी, रगडा हे सगळं दिवे लागल्यावर. सकाळी चहा-पोहे मिळतात, तेवढं उरका. हिरवळीवर बसून डबा उघडू नका. सुरक्षारक्षक शिट्टी मारतो आणि सगळी बाग तुमच्याकडे बघते.

निघण्याआधी पर्वतीकडे एक नजर

बागेतून पर्वती दिसते. १०३ पायऱ्या आहेत, पण आज चढू नका. ती वेगळी सकाळ मागते. फक्त तिचा पायथा बघून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिथे सुरू होते.

पेशव्यांच्या काळात दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही चाल मुळात तळेगावच्या दाभाड्यांची. ती पुढे पेशव्यांनी पुण्यात आणली आणि वाढवली. देशभरातून शास्त्री-पंडित येत. गर्दी इतकी होई की पर्वतीच्या पायथ्याशी एक मोठं बंदिस्त आवार होतं, त्यात सगळ्यांना घेऊन एकेकाला दक्षिणा देऊन बाहेर सोडत. त्याला रमणा म्हणत. 'रमणा गणपती' या देवळाच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. कुणाला किती द्यायचं हे विद्वत्तेवर ठरावं असा हेतू होता. उत्तर पेशवाईत हेतू मागे पडला आणि गर्दी उरली.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या इंग्रज सरकारपुढे प्रश्न आला : ही दक्षिणा चालू ठेवायची की बंद करायची? बंद केली तर शास्त्रीमंडळी बिथरणार. चालू ठेवली तर नुसताच खर्च. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने मधली वाट काढली. त्यातला काही पैसा शाळेला लावायचा. ती शाळा जिथे भरली तिकडे आता आपण निघतोय.

बाजीराव रस्त्याने वाड्याकडे

अंतर दीड-पावणेदोन किलोमीटर. रमतगमत अर्धा तास. बागेच्या फाटकातून बाहेर पडून बाजीराव रस्ता धरला की वळायचं कुठे हा प्रश्नच नाही, नाकासमोर चालायचं. टिळक रस्ता ओलांडताना तेवढं सांभाळा. पुण्यात सिग्नल हिरवा झाला म्हणजे तुमची पाळी आली असं नाही, चर्चा करण्याची वेळ आली.

पुढे भिकारदास मारुती लागेल. थोडं पुढे उजव्या हाताला नातूबागेच्या बाजूला राजा दिनकर केळकर संग्रहालयाची पाटी दिसेल. इथे मोह होतो. तो आवरा. दिनकर ऊर्फ काका केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत जमवलेले दिवे, अडकित्ते, कंगवे, दारं, वाद्यं हे सगळं तासाभरात उरकण्याजोगं नाही. तिथे घाईने जाणं हा अपमान आहे. दुसऱ्या दिवशी फक्त त्यासाठी या.

उन्हाचे दिवस असतील तर निंबाळकर तालीम चौकाकडे आत वळून मस्तानी प्या. घट्ट दूध, वर आइस्क्रीम. एका मोठ्या पेल्यात दोघांचं होतं. जेवणासारखं जेवण हवं असेल तर टिळक रस्त्यावर थाळीची ठिकाणं आहेत, पण ती दुपारी. म्हणजे वाडा बघून परत मागे येणं आलं. मी पोहे खाऊन वाडा करते आणि जेवायला थेट घरी जाते.

शनिपारचा चौक ओलांडलात की डाव्या हाताला लाकडी सज्जा दिसेल. तोच विश्रामबागवाडा.

वाडा : आधी बाहेरून, मग आतून

समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघा. गर्दी धक्के देईल, देऊ द्या. पुढे आलेला सज्जा म्हणजे मेघडंबरी. तिच्याखालचे लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जातात. शेजारी मोबाइलच्या कव्हरांचा विक्रेता, खाली पोस्ट ऑफिस, समोर तुळशीबागेकडे निघालेल्या बायका. इतका नक्षीदार दर्शनी भाग इतक्या निवांतपणे दुर्लक्षित राहतो तो पुण्यातच.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ च्या सुमाराला बांधून घेतला, खर्च दोन लाखांच्या आसपास. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नव्हतं. पुढची अकरा वर्षं तो इथे राहिला, मग राज्यही गेलं आणि वाडाही.

आता इतर वाड्यांचं काय झालं ते आठवा. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, आज तट आणि जोती उरलीत. बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. विश्रामबाग मात्र उभा आहे. माझ्या मते त्याचं मुख्य कारण हेच, की पेशवा गेल्यावर तो रिकामा पडला नाही. त्यात मुलं आली.

ऑक्टोबर १८२१ मध्ये दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. सरकारी कागदांत तिला हिंदू कॉलेज म्हणत. पैसा दक्षिणेचा. न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय. सुरुवातीला विद्यार्थी फक्त ब्राह्मण. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून १८६८ मध्ये येरवड्याला गेलं. ते गेल्यावर वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं.

दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, आत जा. चौकात आलात की आवाज एकदम पडतो. रस्ता वीस पावलांवर आहे यावर विश्वास बसत नाही. मधे मोकळी जागा, चारी बाजूंनी ओसरी आणि वर सोपा. इथे थोडा वेळ बसा आणि डोळ्यांपुढे वर्ग आणा : एका ओसरीवर व्याकरणाचा घोष, पलीकडे ज्योतिषाचं गणित. दालनं राहण्यासाठी केलेली आहेत, शिकवण्यासाठी नाहीत, आणि तरी शाळेला वाडा कसा शोभतो ते इथे कळतं. चौकातला उजेड सगळ्या बाजूंना सारखा पडतो. पुण्यातल्या कितीतरी शाळा सुरुवातीला वाड्यांतच भरल्या.

वर जाणारा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून, कठडा धरून. उतरताना तर जास्तच. वर दिवाणखान्याचे नक्षीदार खांब आणि त्यांवरची केळफुलं बघताना मान दुखेपर्यंत वर बघायचं. महापालिकेने वाड्याची दुरुस्ती करून 'पुनवडी ते पुण्यपत्तन' हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं : खेडेगावाची पेठ कशी झाली, पेठांचं शहर कसं झालं. नकाशे नीट बघा. त्यात पर्वती आणि तळं शोधा. सकाळी ज्या हिरवळीवर चाललात तिथे पाणी दिसलं की सगळा दिवस वसूल होतो. मी भाच्याला शोधायला लावलं तेव्हा तो ओरडलाच, "मावशी, आपण बुडालो असतो!"

जुनं लाकडी बांधकाम आहे, त्यामुळे कधी एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असतं. दारावरच्या माणसाला आधी विचारा. फोटो काढू का तेही त्यालाच विचारा. "काका, जरा आतला सोपा बघू का?" असं गोडीत विचारलं की बहुतेक वेळा तो स्वतः दाखवायला येतो. सरकारी सुटीच्या दिवशी येऊ नका.

त्याच चौकात उभं राहून दोन तारखा

पहिली १६ नोव्हेंबर १८५२. त्याआधी, १८४८ मध्ये, इथून दहा मिनिटांवर, बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. गावाने शेण-दगड मारले, वडिलांनी घराबाहेर काढलं. आणि १८५२ च्या त्या दिवशी विश्रामबागवाड्यात मोठा समारंभ होऊन सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी दिली गेली. देणारा होता मेजर कँडी, इथल्या कॉलेजचा प्रमुख. मोल्सवर्थ या इंग्रजाबरोबर मराठीचा शब्दकोश करणारा तो हाच. मराठीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम रुळवले तेही यानेच. हा लेख तुम्ही थांबत-थांबत वाचताय त्याचं थोडं श्रेय त्याचं.

ज्या जागी ब्राह्मण मुलांखेरीज कुणाला शिकता येत नव्हतं, त्याच जागी माळ्याच्या मुलाचा मुली शिकवल्याबद्दल सत्कार झाला. आणि पैशाचा धागा इथेही सुटत नाही : फुल्यांच्या मुलींच्या शाळांना सरकारने जी मदत दिली ती याच दक्षिणेच्या निधीतून. रमण्यात शास्त्र्यांच्या हातावर पडणारा पैसा असा फिरत फिरत पेठेतल्या मुलींच्या पाटी-पुस्तकापर्यंत आला. इतिहास शिकवताना दक्षिणा एका धड्यात असते, फुले दुसऱ्या धड्यात. या चौकात ते दोन धडे एकमेकांना भेटतात, म्हणून मला शनिवारवाड्याहून हा वाडा मोठा वाटतो.

दुसरी तारीख मे १८७९ मधली. एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही पेटवले गेले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे संशय आधी तिकडे गेला. सरकारने घाबरून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचीही बदली धुळ्याला केली. नंतर पकडला गेला तो सरकारी पुस्तकांच्या कोठारातला एक कारकून. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला होता. तो अर्धी लोकवर्गणी आणि अर्धे नगरपालिकेचे पैसे घालून पुन्हा उभारला. म्हणजे तुम्ही मघाशी समोरून ज्याचा फोटो काढलात, त्यात पेशव्यांइतकाच पुण्याच्या वर्गणीचाही वाटा आहे. १९३० ते १९५९ या काळात नगरपालिकेच्या कचेऱ्याही इथेच होत्या.

बाहेर पडल्यावर

पाय चालत असतील तर भिडेवाड्याच्या जागेवर जा. दगडूशेठ गणपतीच्या समोर. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे स्मारकाचं काम घेतलं आहे. बघायला फार काही नाही, तरी जा. विश्रामबागेतून निघून त्या जागेपर्यंत स्वतःच्या पायांनी गेलं की १८२१ ते १८४८ हे अंतर किती होतं आणि किती नव्हतं ते समजतं.

बरोबर खरेदीचं माणूस असेल तर तुळशीबाग समोरच आहे. तिथे शिरण्याआधी भेटायची जागा ठरवून घ्या, फोन ऐकू येत नाही. आत राममंदिर आहे हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. सावलीत बसायचं असेल तर तिथे बसा. आत्या तिथेच बसते आणि आम्हाला पिशव्या घेऊन फिरायला पाठवते.

परतीसाठी मंडई मेट्रो स्थानक चालत पाच-सात मिनिटांवर आहे. मंडईच्या दगडी इमारतीच्या दिशेने जा, पाट्या लागतात. सकाळी स्वारगेटला दुचाकी ठेवली असेल तर तिथून एकच स्थानक.